यंत्र काय म्हणालं ते लिही

बोनाबेरी, दुआला
रविवार, २९ जानेवारी २०१७

एनांगा,

माझं सगळं कधी बदललं, तो क्षण मला बरोब्बर सांगता येतो. सतरा तारखेच्या संध्याकाळी मी तुला मोबाइलवरून एक निरोप पाठवला, त्याच्यापुढे एक बारीक खूण उमटली आणि दुसरी उमटलीच नाही. मी मोबाइल हलवला, खिडकीबाहेर धरला, बेसेमताईच्या दुकानाच्या पत्र्यावर चढलो. खालून ताई ओरडते, "अरे ओबेन, पत्रा गळायला लागला तर गिऱ्हाइकांच्या वेण्यांवर तू छत्री धरणार आहेस का?" मग कळलं, बुएयात आणि तुमच्या त्या सगळ्या भागात सरकारने नेट बंद केलंय. म्हणजे माझा निरोप मध्येच कुठेतरी लटकलाय. त्या टॉवरला जाऊन लाथ घालावीशी वाटते, पण टॉवर तिकडे आणि मी इकडे.

फोनवर काही जमत नाही. परवा तू मला प्रोग्राम सांगायला लागलीस, "कंस उघड, कंस मिट, आता अर्धविराम, नाही रे, स्वल्पविराम," आणि मागून तुझी मामी विचारते, "कुणाला शिव्या घालतेयस?" तेवढ्यात पैसेच संपले.

म्हणून पत्र. पा इटोएंची गाडी बोनाबेरीहून रोज तुमच्या माइल सतराच्या गाडीतळावर येते. सोमवार-मंगळवार संपामुळे तुमच्याकडे सगळं बंद, ते सोडून. ते न्यायला तयार आहेत.

आता मुद्द्याचं. इथे दुआलात, आकवा भागात एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. एका विद्यार्थ्याला वर्षभर ठेवून घेणार, शिकवणार, पगारही देणार. जागा एकच. परीक्षा बारा एप्रिलला. सगळ्यांसमोर प्रोग्राम लिहायचा आणि पडला तर का पडला ते तोंडाने सांगायचं. कॉलेज कधी उघडेल देव जाणे. तू अर्ज कर. फॉर्म मी आणून देतो.

आणि लॅपटॉप. तो माझाच आहे, पण आपण दोघं एकाच बाकावर बसून वापरायचो, आणि मोलुआ सरांवर भडकून, दार आपटून, कॉलेज सोडून निघालो तेव्हा मी तो उचलून काखेत मारला. तुझं काय होईल हा विचार तळावर गाडीत बसल्यावर आला. तेव्हा उतरायला हवं होतं. तू प्रोग्राम कागदावर लिहून पाठव. मी इथे टाइप करून चालवतो आणि काय होतं ते कळवतो.

तुझा
ओबेन

*

मोलिको, बुएया
शुक्रवार, ३ फेब्रुवारी

ओबेन,

लॅपटॉप तुझा होता, रागही तुझाच होता. जाताना दोन्ही घेऊन गेलास, त्यात माझी काय तक्रार असणार? दाराची काच मात्र कॉलेजची होती. ती अजून बसवलेली नाही. प्रयोगशाळेला कुलूप आहे, पण त्या भोकातून आतले संगणक दिसतात. मी एकदा जाऊन बघून आले. नातेवाइकांना इस्पितळात काचेतून बघतात तसं वाटलं.

तू भडकलास ते सर खोटं बोलले म्हणून नाही. "हा मुलगा हुशार आहे, पण फक्त परीक्षेच्या आदल्या दिवशी." अख्खा वर्ग हसला, मीसुद्धा. त्याबद्दल सॉरी. वाक्य मात्र खरं होतं.

पा इटोए पत्र द्यायला आले तेव्हा मामी गिऱ्हाइकांसाठी कढईत पफ-पफचे गोळे सोडत होती. म्हणाले, "मी काय पोस्टमन आहे? प्रेमपत्रं न्यायची असतील तर भाडं पडेल." मामीने त्यांच्यापुढे घेवड्याची वाटी नि चार गरम पफ-पफ ठेवले. भाडं तेवढंच ठरलंय. माझं पाकीट त्यांनी उजेडात धरून बघितलं आणि म्हणाले, "हे कसलं गं प्रेमपत्र, नुसते कंस!"

अर्ज करते. पण पद्धत सरांचीच. तू वर्गात जागा असशील तर आठवेल. रोज एक, लहानसा. प्रोग्राम कागदावर लिहायचा, आपल्याला काय उत्तर वाटतं ते खाली लिहायचं आणि मगच यंत्राला विचारायचं. माझं तेल तापेपर्यंत तेवढा वेळ रोज मिळतो. मामी पीठ फेटते, मी लिहिते.

एकच अट. यंत्र काय म्हणालं ते लिही, शब्दन् शब्द. तुला काय वाटलं ते नको. तुला काय वाटतं ते मी तीन वर्षं ऐकतेय.

सोबत तीन पाठवतेय.

एनांगा

ता. क. तो लटकलेला निरोप काय होता?

*

बोनाबेरी
बुधवार, ८ फेब्रुवारी

एनांगाबाई,

तिन्ही पडले. धप्प, धप्प, धप्प.

पहिल्यात तू अर्धविराम विसरलीस. यंत्र म्हणालं, सातवी ओळ, इथे काहीतरी अपेक्षित होतं. दुसऱ्यात वरती एक नाव ठेवलंस आणि खाली दुसऱ्याच नावाने हाक मारलीस. यंत्र म्हणालं, या नावाचं इथे कुणी राहत नाही. तिसरा थांबेचना. गरगर गरगर, पंखा असा घरघरला की ताईच्या दुकानात बसलेली बाई म्हणाली, "काय गाडी आणलीय का घरात?" शेवटी मी बटण दाबून त्याचा गळा दाबला. खाली तू ऐटीत लिहिलं होतंस, "उत्तर: दहा." दहा कसले, सकाळपर्यंत दहा हजार झाले असते!

सर म्हणतात मी आदल्या दिवशीचा हुशार. मग तू रोजची हुशार ना? दाखव की.

निरोपाचं काही नाही. लॅपटॉपच्या वायरीबद्दल होता.

ओबेन

*

मोलिको
रविवार, १२ फेब्रुवारी

ओबेन,

दोन दिवस काही लिहिलं नाही. कागद पुढे घेतला की तुझं धप्प ऐकू यायचं.

मामीला पत्र वाचून दाखवावं लागलं, कारण तिने विचारलं, "तोंड का असं?" ती म्हणाली, "कुम्ब्याला मावशीकडे जा. शिवणकामाला तिला मुलगी हवीच आहे. तिथे चुकलं तर उसवता तरी येतं." मी म्हटलं, मामी, इथेही उसवता येतं. फक्त टाका कुठे चुकला ते आधी कळावं लागतं.

पण खरं सांगू? काल बराच वेळ वाटत होतं की हे माझं काम नाहीच. तीन वर्षं तुझ्या शेजारी बसून तुझ्या बोटांकडे बघत होते, आणि बघण्यालाच शिकणं समजत होते. मावशीची मशीन निदान माझ्या एकटीच्या पायाखाली असेल.

आज सकाळी मात्र पुन्हा लिहिला. सोबत आहे. आता रांगा सुरू केल्यात, एका नावाखाली पुष्कळ गोष्टी ओळीने ठेवायच्या त्या. काय होईल ते कळव.

एनांगा

*

बोनाबेरी
बुधवार, १५ फेब्रुवारी

माझ्या एनांगा,

चालला! पहिल्या फटक्यात चालला! तू लिहिलंस तेच उत्तर आलं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

मागच्या पत्रातलं धप्प मी परत घेतो. मी गाढव आहे. तुझ्या कागदावर खालच्या कोपऱ्यात जो ओला डाग होता, तो मी ओळखला. त्याबद्दल तू एक शब्द लिहिला नाहीस आणि मीही लिहिणार नाही. पण मी तो डाग दिव्यापुढे धरून बघितला, आणि पुन्हा माझ्यामुळे तसा डाग पडला तर माझं नाव ओबेन नाही.

कुम्ब्याला जाऊ नकोस. शिवणाच्या मशिनी जगात खूप आहेत.

आणखी पाठव. रोजचे पाठव.

तुझाच,
ओबेन

*

मोलिको
बुधवार, १ मार्च

अरे यंत्रा,

सगळे चालले? मधे पाठवलेले सगळेच? मी तुझं पत्र उभ्या उभ्या वाचलं आणि कढईतला घाणा जाळला. मामी ओरडली, पण ओरडताना हसत होती. आता तीच सकाळी पीठ फेटता फेटता विचारते, "लिहिलास का गं आजचा?" घरात दुसरं घड्याळच नको.

तुला एक सांगू? सवय लागली की अंगाला कळतं. आधी मी प्रोग्राम लिहायचे, आता तो आधी दिसतो. गिऱ्हाइकं बाकावर बसतात तेव्हा मला रांग दिसते. पहिला, दुसरा, तिसरा, शेवटचा, आणि मी वाढत जाते. रांगेचे सगळे प्रोग्राम मी असेच लिहिलेत, आणि तू म्हणतोस एकही पडला नाही. म्हणजे पाया पक्का झाला.

कुम्ब्याच्या मावशीचा निरोप आला होता, आता नक्की सांग म्हणून. मी येत नाही म्हणून कळवलं. तिने दुसरी मुलगी घेतली. मामी म्हणाली, "त्या ओबेनच्या लॅपटॉपच्या भरवशावर चाललंय सगळं. खोटं तर सांगत नाही ना तो?" मी म्हटलं, मामी, यंत्र खोटं बोलत नाही.

आणि डाग कसला रे? कागद कढईशेजारी असतो. पफ-पफचं तेल असणार.

सोबत अकरा आहेत.

एनांगा

*

बोनाबेरी
रविवार, ५ मार्च
(पाठवलं नाही)

एनांगा,

एकही चालला नव्हता.

तुझा रांगेचा पहिला प्रोग्राम मी टाइप केला आणि तो शेवटी येऊन पडला. बाकावर पाच जण बसलेत, तू पाचही जणांना नीट वाढलंस, आणि मग पुढे जाऊन सहाव्या जागेवरही वाटी ठेवायला गेलीस. तिथे कुणीच नाही. यंत्र तिथे ओरडतं. एवढीच चूक, अगदी एवढीशी. तुला कळवली असती तर तू कपाळावर हात मारून हसली असतीस आणि पुन्हा जन्मात केली नसतीस. पण माझ्यासमोर तो ओला डाग होता. मी दुरुस्त केला, चालवला, आणि "चालला" असं लिहिलं. शब्द खोटा नव्हता. फक्त चालला तो माझा होता.

मग पुढचे सगळे तसेच आले. सगळ्यांत ती रिकामी जागा, सगळ्यांत तू तिथे वाढायला जातेस, कारण आधीचं बरोबर आहे असं मीच तुला सांगितलं. मी चूक लपवली नाही, मी ती रुजवली. आणि आता तेल! मी तेलाच्या डागासाठी तुझं वर्ष पणाला लावलं. तू मावशीला नाही म्हणालीस माझ्या भरवशावर.

आणखी एक. तुझा फॉर्म आणायला आकवाला गेलो तेव्हा टेबलामागच्या माणसाने दोन फॉर्म पुढे केले, "तुम्हीही भरा की." मी भरला. तुला सांगितलं नाही. म्हटलं, मला काय येतंय, गंमत म्हणून. पण आता मला येतंय, एनांगा. सकाळी उठून आधी तुझा कागद घ्यायचा, कुठे पडेल ते बघून सांगायचं, मग चालवायचं, मग दुरुस्त करायचं. रोज एक. ज्याच्यासाठी सर माझ्यावर चिडायचे ते मी आता न चुकता करतो. ज्यातून शिकायचं, त्या तुझ्या चुका. शिकतोय मी.

बेसेमताईला सांगितलं. ती एका बाईच्या वेण्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "तू पोरीला पंख्याचा वारा घालतोयस आणि तिला वाटतंय आपण उडतोय." ती बाई म्हणाली, "आणि खिडकी उघडीच आहे." दोघी हसल्या नाहीत.

हे पत्र पाठवणार म्हणून लिहायला बसलो. खाली पा इटोए हॉर्न वाजवतायत.

*

बोनाबेरी
रविवार, ५ मार्च

एनांगा,

घाईत लिहितोय, गाडी निघालीय. अकराही चालले. तू कमाल आहेस. मामीला सांग, लॅपटॉप खोटं बोलत नाही.

ओबेन

*

मोलिको
शुक्रवार, २४ मार्च

ओबेन,

परीक्षेच्या आदल्या दिवशी, मंगळवारी गाड्या नसतात, म्हणून नऊ तारखेला, रविवारीच येईन. आकवात मामीच्या मैत्रिणीकडे उतरते. तू तळावर ये, पण पत्र्यावर चढू नकोस.

मधे तुझी दोन पत्रं आली. दोन्ही सारखीच, सगळे चालले, सगळे चालले. आधी मी नाचायचे. मागच्या आठवड्यात नाचले नाही. मी इथे रोज काहीतरी पाडते. मीठ विसरते, वाटी फोडते, गिऱ्हाइकाला चुकीची हाक मारते. फक्त प्रोग्राम तेवढे माझ्या हातून कधीच चुकत नाहीत? तुझं ते यंत्र माझ्या प्रेमात तर पडलं नाही ना?

चेष्टा करतेय. सोड, पुढे चल.

सोबत तीन. शेवटचा अगदी लहान आहे. कढईतले सगळे पफ-पफ गिऱ्हाइकांत सारखे वाटायचे आणि एकाच्या वाट्याला किती येतात ते सांगायचं. माझ्या मते उत्तर चोवीस.

एनांगा

*

बोनाबेरी
रविवार, २६ मार्च

एनांगा,

यंत्र तुझ्या प्रेमात पडलं तर मी त्याला खिडकीतून फेकून देईन.

तिन्ही चालले. शेवटच्यात चोवीस आलं, बरोब्बर.

रविवारी तळावर उभा असेन. तुला सांगायचं आहे बरंच. समोरासमोरच सांगेन.

ओबेन

*

मोलिको
शुक्रवार, ३१ मार्च

ओबेन,

त्या शेवटच्या प्रोग्राममध्ये मी गिऱ्हाइकं शून्य ठेवली होती.

विसरून नाही, मुद्दाम. शून्य माणसांत पफ-पफ वाटून दाखव असं यंत्राला म्हटलं होतं. शून्याने भागायला जगातलं कुठलंही यंत्र तयार होत नाही, ते तिथल्या तिथे पडतं. तू पहिल्या वर्षी शिकलास, मीही शिकले. तू लिहिलंस, चोवीस आलं, बरोब्बर.

तुला सरांचा तो तास आठवतो? "जी चाचणी कधी पडतच नाही, ती चाचणी नव्हे. अधूनमधून मुद्दाम मोडून बघा, ओरडते का." तू तेव्हा मागच्या बाकावर माझ्या वहीत माझं चित्र काढत होतास. मी यंत्राची चाचणी घ्यायला गेले नव्हते. तुझीच घेतली.

पत्र आलं त्याच दिवशी मी रांगेच्या सगळ्या प्रोग्रामांच्या माझ्याकडच्या नकला घेऊन मुंगोच्या पुलाकडच्या त्या गावात गेले. आपल्या कॉलेजची पोरं तिथे एक खोली घेऊन बसतात, पलीकडचं, तुमच्या बाजूचं नेट जेमतेम पोचतं म्हणून. एकीने मला दुपारभर तिचा लॅपटॉप दिला. टाइप करत गेले आणि पडत गेले. सगळे एकाच जागी. शेवटच्या माणसापुढच्या रिकाम्या जागी. ती मुलगी डोकावून म्हणाली, "अगं, हे तर पहिल्या आठवड्यातलं आहे. तुला कुणी सांगितलं नाही?" मी म्हटलं, नाही.

घरी येताना गाडीत मला तुझा राग आला नाही, हे सांगून ठेवते. लाज वाटली. महिनाभर मी त्या बाकाशेजारी रोज सकाळी ऐटीत बसत होते आणि रिकाम्या जागेला वाढत होते. मामीला अजून सांगितलेलं नाही. ती आजही म्हणाली, "लिहिलास का गं?"

तू का केलंस ते मला साधारण कळतं. मी आंधळी नाही. पण ओबेन, त्या चुका माझ्या होत्या. माझ्या सकाळच्या, माझ्या तेलाशेजारच्या. त्या मला हव्या होत्या. त्यांच्याशिवाय माझ्याकडे त्या परीक्षेला न्यायला दुसरं काय आहे?

बारा तारीख जवळ आली. मी येणार आहे. तू तळावर येऊ नकोस. आणि आता काही नाटकी त्याग वगैरे करू नकोस. तोही मलाच दुरुस्त करावा लागेल.

एनांगा

*

बोनाबेरी
रविवार, २ एप्रिल

एनांगा,

पा इटोए काल पाकीट देताना म्हणाले, "आज मामीने मला पफ-पफ दिले, पण पोरगी बाहेर आली नाही. काय केलंस रे?" ते पत्र मी दोनदा वाचलं आणि मग लॅपटॉप उघडला, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

तू पाठवलेले सगळे कागद माझ्याकडे आहेत. काल दुपारपासून मी ते पहिल्यापासून पुन्हा टाइप केले, जसेच्या तसे. अर्धविराम नाही तिथे नाही, रिकामी जागा आहे तिथे रिकामी जागा, शून्य तिथे शून्य. एकेक चालवला, आणि यंत्र काय म्हणालं ते प्रत्येकाखाली लिहिलं, शब्दन् शब्द. तुझी अट तीच होती. सगळे पडले असं नाही. नंतरच्यातले, रांग नसलेले चार खरोखर चालले. मी तुला इतकं खोटं सांगितलं की तुझं खरंही त्यात बुडालं. ते चार सगळ्यांच्या वर ठेवलेत.

शून्याचा प्रोग्राम आला तेव्हा मला वाटलं, ही आकडा भरायला विसरली. मी भरला, असा भरला की चोवीस यावं. मनात आलंही नाही की ही मुद्दाम करेल. मला तुझ्या चुकांची इतकी सवय झाली होती की तुझ्या हुशारीलाही मी चूकच समजलो.

आणखी एक सांगायचंय, ते लपवलं तर मग हे सगळं पुन्हा खोटंच. परीक्षेला मीही नाव दिलंय. फॉर्म आणायला गेलो त्याच दिवशी. जागा एकच आहे, तुला माहीत आहे. मी तुझ्या चुकांवर रोज सकाळी शिकलो आणि तू माझ्या कौतुकावर उपाशी राहिलीस. मी स्वतःला विचारतो, हे प्रेमापोटी केलंस की त्या जागेपोटी? प्रेमापोटी, असं लगेच उत्तर येतं. पण ते उत्तर मी चालवून बघितलेलं नाही, आणि कुठल्या यंत्रावर चालवायचं तेही माहीत नाही. पाच मार्चला मी तुला सगळं खरं लिहिलं होतं. हॉर्न वाजला आणि मी ते गादीखाली सारलं. हॉर्नला दोष देत होतो कालपर्यंत.

नाव काढून घेणार होतो. मग तुझं नाटकी त्यागाचं वाक्य पुन्हा वाचलं. काढत नाही. मी बसेन, तू बस. तू माझ्यापुढे गेलीस तर ते तुझं असेल, आणि मी गेलो तर कशामुळे गेलो ते त्या टेबलामागच्या माणसांना मी तिथेच सांगेन. त्यांनीच तर सांगितलंय, का पडलं ते तोंडाने सांगायचं.

लॅपटॉप पाठवतोय. या पत्राबरोबर, पा इटोएंच्या सीटखाली, ताईच्या शालीत गुंडाळून. वायर थोडी मुडपून धरावी लागते, नाहीतर बंद पडतो. वरच्या कोपऱ्यात एक बटण सैल आहे, ते बोटाने न दाबता नखाने दाब. नेट लागत नाही त्याला. आता तू लिही, तूच विचार, आणि तो काय म्हणेल ते तुझं तूच ऐक. मला कळवायची गरज नाही. मी कागदावर सराव करीन, तू केलास तसा. खाली उत्तर लिहीन आणि बरोबर की चूक ते मला कुणी सांगणार नाही. चालेल.

हे देताना मला माहीत आहे की आता पत्रं थांबतील. तुला माझी गरज फक्त यंत्रापुरती होती असं नाही, पण पत्राचं निमित्त ते यंत्र होतं. जानेवारीत गाडीतून उतरून हेच करायला हवं होतं. तेव्हा तुला रोजचं एक मिळालं असतं आणि मला एकही पत्र मिळालं नसतं. म्हणून उतरलो नाही बहुतेक.

तू विचारलं होतंस, तो लटकलेला निरोप काय होता. वायरीबद्दल नव्हता. पण महिनाभर न पोचलेला निरोप कंपनी फेकून देते म्हणे, परत पाठवतही नाही. तुमच्याकडे नेट आलं तरी तो आता येणार नाही. कळलं तेव्हा मी ताईच्या दुकानातला स्टूल लाथेने उडवला होता. आज बरं वाटतंय. तो निरोप लिहिणारा मुलगा तुझ्याबद्दल बरंच काही म्हणत होता आणि तुला विचारत काहीच नव्हता.

मामीला खरं सांग. शिव्या माझ्या नावाने ठेव.

हे उभ्यानेच लिहितोय, कागद दाराच्या चौकटीवर टेकवून. लॅपटॉप खांद्याला आहे, वजन नेहमीपेक्षा जास्त वाटतंय. खाली गाडी भरत आली असावी, कारण पा इटोए हॉर्न वाजवतायत, आणि या वेळी मी गादीखाली काही सारलेलं नाही. पाच मार्चचं ते पत्रही पाकिटात आहे. ताई दुकानातून विचारतेय, "ओबेन, कुठे निघालास? जेवण?" मी म्हटलं, येतो. दार जरा घट्ट आहे, ओढलं की आपटतं. हात मध्ये धरून लावतोय.

ओबेन